तुपावर परतलेली मिश्री

खोटं बोलायचंच, तर माणसानं स्वतःच्या फायद्याचं तरी बोलावं की नाही? मी उभ्या जन्मात एकच मोठं खोटं बोलले आणि तेसुद्धा असलं भन्नाट, की होता तो रोग लपवला आणि नव्हता त्या रोगाचं औषध घेत बसले. आणि औषध तरी कसलं! सांगते, सगळं सांगते. फक्त ती शंकरपाळ्यांची बशी आधी तुमच्या बाजूला सरकवा. चहा राहू द्या.

गोष्ट जानेफळची, माझ्या सासरची. तेव्हा आपलं वऱ्हाड नागपूरच्या सरकारात होतं आणि मी अकोल्याकडून नवी-जुनी होत आलेली सून होते. घरात सासरे, सासूबाई, लग्नाची नणंद आणि आमचे हे. शेतीभाती बरी, कोठी भरलेली, आणि त्या कोठीची किल्ली सासूबाईंच्या कमरेला.

तर मला व्यसन होतं. खाण्याचं!

हसलात ना? सगळे हसतात. म्हणूनच मी कुणाला सांगितलं नव्हतं. अहो, भूक असती तर लाज कशाला वाटली असती? माझं पोट भरलेलंच असायचं. पण पीठ काढायला म्हणून कोठीची किल्ली हातात आली की आधी गुळाचा खडा, मग शेंगदाणे, मग लाडू, मग पुन्हा गूळ. तोंडातला घास गिळायच्या आत दुसरा हातात. खाताना गोडसुद्धा लागायचं नाही हो! मग ओठ पुसायचे, डोळे पुसायचे आणि देवाला सांगायचं की उद्यापासून नाही. देवानं माझे किती उद्या ऐकले असतील, तोच जाणे.

आता तुम्ही म्हणाल, नवऱ्याला सांगायचं, सासूला सांगायचं. काय सांगायचं? त्या काळी सून सगळ्यांच्या मागून, चुलीपाशी, एकटी जेवायची. बाई दात घासायच्या नावाखाली मिश्री लावते, एखादी आडोशाला बिडी ओढते, हे सगळ्या गावाला माहीत असायचं आणि कुणी बोलायचं नाही. पण सून चोरून खाते म्हटलं की माहेरापर्यंत बोभाटा. मला तर विचारानंच घाम फुटायचा, आणि घाम फुटला की पुन्हा काहीतरी खावंसं वाटायचं.

एक दिवस दुपारी सगळे वावरात गेले होते. मी गोठ्यात, गवताच्या पेंढीआड, शिळी भाकर आणि कारळाची चटणी घेऊन बसले होते. कारळाची चटणी पाहिलीय ना? काळी कुट्ट. वर गूळ लावला की दातांना अशी चिकटते की विचारू नका. तोंड गच्च भरलेलं, आणि समोर कोण उभं? गोदामाय!

गोदामाय म्हणजे शेजारची म्हातारी विधवा बाई. ताक मागायला आली होती. तिनं माझ्या काळ्या ओठांकडे पाहिलं, काळ्या दातांकडे पाहिलं, हातावरच्या काळ्या भुकटीकडे पाहिलं.

"मिश्री लावते काय वं तू?"

मला बोलता येत नव्हतं. तोंडात अर्धी भाकर! आणि डोक्यात एकदम प्रकाश पडला, की ही आयती वाट आहे. मिश्री म्हटलं तर मी एक साधी, चारचौघींसारखी बाई. भाकर म्हटलं तर चोर. मी मान हलवली. हो म्हणून हलवली!

वाटलं, आता बोलणी खावी लागणार. पण गोदामाय खाली बसली आणि हळूच म्हणाली, "लाजू नोको. बजाराच्या दिवशी माह्यासंग बांगड्या भराले चाल."

मला काही उमगलं नाही. मिश्रीचा आणि बांगड्यांचा काय संबंध?

बाजाराच्या दिवशी गेले तिच्याबरोबर. सकीनाबी मनियारणीच्या घरी, ओसरीवर. समोर बांगड्यांच्या टोपल्या, कापडी पडदा सोडलेला, आत सात-आठ बायका. गावातल्या पुरुषांना वाटायचं, बायका बांगड्या भरताहेत. भरतही होत्या, पण त्याआधी आणखी एक काम चालायचं.

पहिली बोलली ती गोदामाय. "मी गोदा. मले अफूची सवय हाय. तिच्यापुढं माह्यं एकटीचं काई चालत नाई."

"मैं सकीना," दुसरी म्हणाली. "बिडीपुढं माझा बी इलाज नाही. अल्लानं आन् तुम्ही सगळ्यांनी धरून ठेवलं, म्हणून ह्या बाजारापासून त्या बाजारापर्यंत निभली."

मी तर बघतच राहिले. एवढी मोठी माणसं, आणि चारचौघींत सांगताहेत की माझं चालत नाही! मागाहून कळलं की सुरुवात या दोघींनीच केली होती. गोदामायला सांध्यांच्या दुखण्यापायी अफू लागली होती, आणि बाजाराच्या दिवशी पाय आपोआप अफूच्या सरकारी ठेक्याकडे वळायचे. त्याच बाजारात सकीनाबीचा हात बिडीच्या बंडलाकडे जायचा. दोघींनी एकेकटीनं सोडून पाहिलं, दर वेळी तोंडघशी पडल्या. मग ठरवलं की तलफेची ती वेळ दोघींनी एकत्र बसून काढायची. हळूहळू आणखी बायका आल्या. कुणी कुणाला उपदेश करायचा नाही, जिची तिनं आपली सांगायची, आणि ओसरीवरचं ओसरीवरच ठेवायचं.

आणि एक रीत होती. नव्या बाईच्या डाव्या हातात सकीनाबी एक लाखेची लाल बांगडी चढवायची. काचेच्या बांगड्यांत ती एकच वेगळी. जोवर व्यसन दूर, तोवर बांगडी हातात. पाऊल घसरलं तर दुसऱ्यानं विचारायचं नाही; आपणच पुढच्या बाजाराला ती उतरवून टोपलीत ठेवायची, आणि पुन्हा पहिल्यापासून. गोदामाय विधवा, तिला बांगडी कशी चालणार? ती पडद्याआड आली की बटव्यातून आपली बांगडी काढून हातात घालायची आणि जाताना पुन्हा बटव्यात ठेवायची. पूर्वी त्याच बटव्यात अफूची गोळी असायची. तिचा तो बांगडी घातलेला हात माझ्या समोरच होता. तिथेच खरं बोलायला हवं होतं मी.

पण माझी पाळी आली आणि मी म्हणाले, "मी वच्छला. मले मिश्रीची सवय हाय."

झालं! बांगडी हातात. आणि त्याबरोबर जोडीदारीण. एकाच व्यसनाच्या दोघींची जोडी लावायची, तलफ आली की डबीकडे न जाता जोडीदारणीकडे जायचं, अशी पद्धत. मिश्रीवाली दुसरी होती कौसा. माझ्याच वयाची, चिमण्या हातांची, गरीब गाय. मिश्रीनं तिच्या हिरड्या सोलून निघाल्या होत्या, भाकर चावताना डोळ्यांत पाणी यायचं, तरी डबी सुटत नव्हती. तिची बांगडी दर बाजाराला टोपलीत जायची. मी दिसले तशी तिला कोण आशा वाटली!

"तू कोनती लावत होती वं?" तिनं विचारलं.

"चांगली," मी म्हणाले.

"चांगली म्हंजे? बजारातली का घरी भाजेल?"

"घरीच."

"कशी भाजत होती? माह्या हातानं तं करपते."

आता, मिश्री म्हणजे तंबाखू तव्यावर कोरडी जाळायची आणि कुटायची, एवढं गावातल्या पोरीसोरींनाही ठाऊक. पण रांधायचा प्रश्न आला की माझं तोंड मला विचारून उघडत नाही!

"मंद आचेवर," मी म्हणाले. "पह्यले तुपावर परतून घ्याची. खमंग वास सुटला का उतरवाची. वरून उलुशीक इलायची."

बांगड्या चाळणारे हात थांबले.

"या अल्ला!" सकीनाबी म्हणाली. "घी में? इलायची डाल के?"

"म्हनून पोरीले सोडनं जड जाऊन राह्यलं," गोदामाय कळवळून म्हणाली. "साधीच सुटत नाई, अन् हे तं तुपातली!"

आणि कौसा? तिनं माझा हात धरला. "मी तं तव्यावरच्या कोरड्या मिश्रीपायी रडून राह्यली. तू तुपातली सोडून राह्यली, मंग मले काय धाड भरली?"

त्या दिवसापासून माझ्या निग्रहाची कीर्ती झाली. जे मी कधी जिभेला लावलं नव्हतं, ते मी सोडलं म्हणून!

आता औषध ऐका. तलफ आली की तोंड रिकामं ठेवायचं नाही, ही गोदामायची शिकवण. गूळ, फुटाणे, लाह्या, जे असेल ते तोंडात टाकायचं. कौसा दोन फुटाणे चघळायची आणि तेवढ्यावर तिचं भागायचं. पण माझी मिश्री पडली तुपातली! तिला फुटाण्यांनी काय होणार? गोदामाय डिंकाचे लाडू घेऊन आली. सकीनाबीनं बाजारातून रेवड्यांची पुडी आणून ठेवली. दुसऱ्या कुणी तिळाच्या वड्या आणल्या, कुणी गूळ-खोबरं. सगळ्या मला घेरून बसायच्या.

"खा वं, खा. तलफ मरते."

"थकू नोको, अजून एक खाय!"

आणि मी खायची. राजरोस! चोरून खायचं व्यसन लपवायला मी जिथे गेले, तिथे मला चारचौघी शाबासकी देऊन खाऊ घालत होत्या. सुरुवातीला स्वर्गच वाटला. मग एक दिवस ओसरीवरून घरी आले, पोट तुडुंब, आणि तरी सरळ गोठ्यात गेले. शिळी भाकर काढली. तेव्हा मला माझीच भीती वाटली.

आणि याच दिवसांत कौसा माझ्याकडे यायची. दुपारी, धापा टाकत. "वच्छले, डबी बोलावून राह्यली वं." मी तिला आत घ्यायची, आणि बोलत बसायची. मिश्रीचं मला काय कळणार? मी आपलं माझंच सांगायची. "घर रिकामं झालं का तिचीच आठवन येते. हात कामात असतात, पन मन तिथीच. वाटते, एकदाच. अन् एकदा हात गेला का मंग मोजमाप राह्यत नाई. मंग आपलं तोंड आपल्यालेच पाह्यवत नाई."

"माह्या मनातलं तुले कसं समजते वं?" कौसा रडायची. तासाभरानं शांत होऊन घरी जायची. तिची बांगडी आता हातात टिकू लागली होती, हिरड्या भरू लागल्या होत्या. मी कोठीबद्दल बोलत होते हो! फक्त कोठीच्या जागी डबी म्हणत होते. आणि मला दिवसरात्र एकच धास्ती, की हिला खरं कळलं तर ही पुन्हा डबी उघडेल. माझ्या खोट्याला धरून ती उभी होती.

तशात नणंदेचं लग्न ठरलं. रुखवताचे बुंदीचे लाडू बांधून झाले, मोठ्या हंड्यात भरून कोठीत ठेवले. आणि लग्नाची पहिली पत्रिका महाराजांपुढे ठेवायला सासू, सासरे आणि नणंद शेगावला निघाले. दारात बैलांची दमणी जुंपलेली. किल्लीचं काय करायचं? सासूबाई एरवी किल्ली घेऊनच जायच्या. पण निरोप द्यायला गोदामाय आलेली होती ना!

"पोरीच्या हाती दे किल्ली," ती सासूबाईंना म्हणाली. "तिच्यासारका मनाचा निग्रह ह्या गावात कोनाचा नाई. काऊन, ते विचारू नोको. माह्यावर इश्वास ठेव."

सासूबाईंनी माझ्याकडे नव्यानं पाहिलं, कमरेची किल्ली सोडली आणि माझ्या हातात ठेवली. "घर तुह्या हवाली," म्हणाल्या. लग्न होऊन आल्यापासून त्यांनी मला इतकं मोठं काही दिलं नव्हतं. दमणी वळणाआड गेली. आमचे हे वावरात गेले. आणि घरात उरलो आम्ही दोघी, मी आणि कोठी.

पुढचं तुम्ही ओळखलंच असेल. कोठी मी दुपारपर्यंत उघडली नाही. मग फक्त लाडू नीट आहेत का बघायला उघडली. हंड्याचं फडकं बाजूला केलं. एक लाडू वरच्या बाजूनं जरा फुटलेला दिसला. फुटका लाडू रुखवतात कसा ठेवणार? तो खाल्ला. मग मला बरेच फुटके दिसू लागले. काही मीच फोडले. किती खाल्ले ते विचारू नका. हंड्यात हात आधी मनगटापर्यंत जात होता, तो नंतर कोपरापर्यंत गेला.

आणि एकदम माझं लक्ष त्या हाताकडे गेलं. डावा हात होता. बुंदीच्या कळ्या चिकटलेली ती लाल बांगडी.

मला रडू फुटलं. नणंदेचं रुखवत खात होते मी! थांबायचं होतं, आणि हात पुन्हा हंड्यात जात होता. तशीच उठले, कोठीला कुलूप घातलं आणि किल्ली मुठीत धरून पळत सुटले. भर दुपारी, डोक्यावरचा पदर सावरत, कौसाच्या दारात. तलफ आली की जोडीदारणीकडे जायचं असतं ना? इतक्या दिवसांत पहिल्यांदा मी खरोखरीच्या तलफेनं गेले होते.

"हे किल्ली ठेव," मी म्हणाले. "मी मांगितली तरी देऊ नोको."

"काऊन वं? मिश्री कोठीत ठेवली काय?"

"कोठीत लाडू हायेत."

"मंग?"

मग काय! सांगितलं सगळं. गोठा, भाकर, चटणी, सगळं. मिश्रीला मी बोटही लावलेलं नाही, हे सांगताना माझी मान वर होत नव्हती. कौसा भिंतीला टेकून बसली. समोर कोनाड्यात तिची रिकामी डबी होती, तिच्याकडे बघत राहिली.

"म्हंजे तू मले जे सांगत होती," ती शेवटी म्हणाली, "मन तिथीच राह्यते, हात गेला का मोजमाप नाई, ते सारं खोटं?"

"मिश्रीचं खोटं. बाकी सारं खरं. मी कोठीचं सांगून राह्यली होती."

तिनं जरा विचार केला. "मंग माह्यं काय गेलं? मले जे लागू पडलं ते लाडवाचं का मिश्रीचं, काय फरक पडते?" आणि मग तिचे डोळे एकदम मोठे झाले. "अन् ते तुपाचं? इलायची?"

"ते लाडवाचं."

अशी हसली, अशी हसली! लोळायचीच बाकी राहिली. मग उठली, किल्ली आपल्या कमरेला खोचली आणि म्हणाली, "पन ओसरीवर तूच सांगजो. मी नाई सांगनार."

बाजाराचा दिवस आला. सगळ्या जमल्या. माझ्यासमोर नेहमीप्रमाणे पुड्या मांडल्या गेल्या. मी ठरवून आले होते, आधी बांगडी उतरवायची, मग बोलायचं. सगळ्यांसमोर उभी राहिले आणि बांगडी ओढली.

निघेना!

पुन्हा ओढली. अंगठा आत दुमडून ओढली. मनगट लाल झालं.

"काऊन काढून राह्यली?" गोदामायनं विचारलं. "मिश्री लावली काय?"

"नाई."

"मंग राहू दे ना."

"नाई, काढाचीच हाय मले!" मी रडकुंडीला आले. सकीनाबीनं साबण आणला. नाही. खोबरेल तेल आणलं. नाही. बोटं धरून दाबून पाहिलं, हात उलटा करून पाहिला. लाख तापवली की सैल होते म्हणे, पण हातातल्या हातात कशी तापवणार? आणि सवाष्णीच्या हातातली बांगडी फोडायचं तर कुणी नावही काढेना.

गोदामायच्या डोळ्यांत पाणी आलं. "पाह्यलं का वं बायांनो? मन खरं असलं का बांगडी बी हात सोडत नाई." तिनं चक्क हात जोडले! तिचं बघून दुसरीनं जोडले. एकीनं तर कपाळावरचं कुंकू बोटाला घेतलं आणि माझ्या पायाकडे वाकायला लागली.

म्हटलं, आता तोंड उघडलं नाही तर ह्या बाया माझं देऊळ बांधतील!

"अवं, थांबा!" मी ओरडले. "हात जाडा झाला माहा! तुमचेच लाडू खाऊन!"

कुणाला काही कळेना. मग सांगितलं. कौसासमोर एकदा सांगून झालं होतं म्हणून जमलं. "मी वच्छला. मले खायाची सवय हाय. पोट भरेल असलं तरी मी खातो. चोरून खातो. मिश्री मी कधीच लावली नाई."

गोदामायनं डोळे पुसले. "मंग त्या दिवशी गोठ्यात तोंडात काय होतं तुह्या?"

"भाकर. कारळाची चटनी."

"अन् म्या तुले बोलूच देल्लं नाई," ती म्हणाली. "इचारलं बी मीच, अन् ठरवलं बी मीच."

मी खाली बघत बसले. मला वाटलं, आता उठ म्हणतील. सगळ्या गावात मला खरं बोलता येईल अशी एकच जागा होती, आणि तिथेच मी खोटं बोलून बसले होते. ती जागा जाणार म्हणून जीव नुसता तुटत होता.

आणि काय झालं सांगू? माझ्यासमोरची रेवड्यांची पुडी हळूच हलली. सकीनाबीनं ती आपल्या टोपलीमागे घेतली. गोदामायनं लाडवांचा डबा पदराखाली घेतला. तिळाच्या वड्या गेल्या, गूळ-खोबरं गेलं. ज्यांनी ज्यांनी जे जे आणलं होतं ते सगळं माझ्यासमोरून उचललं, आणि आपापल्या जागी बसून माझ्याकडे बघू लागल्या, पुढं बोल म्हणून. मी धाय मोकलून रडले. त्या मला राहू देताहेत म्हणून रडले की पुड्या चालल्या म्हणून, ते अजून माझं मलाच ठरवता आलेलं नाही.

पण प्रश्न होताच. कौसानं डबी विहिरीत फेकली, चाललं. मला कोठी विहिरीत फेकता येणार होती का? अफू न खाता माणूस जगतो. मला दिवसातून दोनदा त्याच ताटावर बसायचं होतं आणि दोनदा उठायचं होतं. ओसरीवर खूप चर्चा झाली आणि शेवटी एवढंच निघालं, की वच्छीनं एकटीनं खायचं नाही. घास उचलायचा तो कुणाच्या तरी समोर.

मंडळी परतायच्या आत लाडवांचा खड्डा कौसानं भरून काढला. आमच्याच चुलीवर बुंदी पाडली. मी कुठे होते? दाराबाहेर! आत यायची बंदी. सगळं झाकून, कुलूप लावून, किल्ली घेऊन ती घरी गेली.

शेगावहून मंडळी आली. कौसानं किल्ली माझ्या हातात दिली, मी सासूबाईंच्या. त्यांनी सगळ्यात आधी कोठी उघडली, फडकं काढलं आणि थबकल्या. कौसाची मूठ चिमणी, सांगितलं ना? खाली मोठे लाडू, वर लहान लाडू.

"हे कोन्या पोरीच्या हातचे?" त्यांनी विचारलं.

मी म्हणू शकले असते की उरलेल्या पाकाचे आहेत. तोंडापर्यंत आलंही होतं. पण बांगडी मनगटात रुतून बसली होती. "आत्याबाई," मी म्हणाले, "खालचे तुमचे हायेत. त्यातले मी खाल्ले. म्हनून वरचे कौसानं बांधले." आणि उरलेलं सगळंही सांगितलं.

सासूबाईंनी फडकं पुन्हा घातलं, कुलूप लावलं. किल्ली कमरेला बांधली. मी दिवसभर माहेरच्या निरोपाची वाट बघत होते. संध्याकाळी बाकीच्यांची जेवणं उरकली. मी नेहमीसारखी ताट घेऊन चुलीपाशी वळले, तर माजघरातून हाक आली.

"तथी काहाले चालली? ताट घेऊन माह्यासमोर बस."

बसले. आणि तेव्हा पाहिलं, त्यांचंही ताट वाढलेलं होतं. अहो, इतकी वर्षं त्या माजघरात एकट्या जेवायच्या आणि मी चुलीपाशी एकटी! त्या दिवसापासून आम्ही समोरासमोर जेवू लागलो. पुरे झालं की त्या विचारायच्या, "झालं काय वं?" मी म्हणायची, "झालं." कधी कधी ते म्हणायला फार जोर लागायचा, आणि त्या थांबून राहायच्या. पुष्कळदा मी घसरले. ओसरीवर जाऊन सांगितलं. पुन्हा सुरू केलं.

आणि मग, पुढचा उन्हाळा असेल, भाकर थापता थापता टप्प आवाज झाला. बघते तर परातीत, पिठात, लाल बांगडी! आपणहून निघाली होती. मी तशीच पिठाच्या हातानं सासूबाईंना दाखवायला धावले.

बाजाराच्या दिवशी मिरवत गेले मी ओसरीवर. रिकामा हात पुढे करून! सगळ्याजणींचं व्यसन सुटलं म्हणून बांगडी हातात राहायची. माझं सुटलं तेव्हा बांगडी निघाली. दारातच धाड गावाकडची एक नवी सून बसली होती. तिला माझी कथा कुठली ठाऊक? तिनं माझा मोकळा हात पाहिला, तिचा चेहरा पडला.

"सुटली काय वं बाई?" ती मायेनं म्हणाली. "होते असं. धीर सोडू नोको, पुन्हा धर." आणि पदराची गाठ सोडून तिनं गुळाचा हा एवढा खडा माझ्या हातावर ठेवला!

आत सगळ्या माझ्याकडे बघताहेत. मी तो खडा घेतला, आत गेले, गोदामायच्या हातात दिला आणि तिच्या शेजारी बसले. तिनं अर्धा मोडून मला दिला. "सगळ्यायसमोर खाय," म्हणाली. खाल्ला. गोड लागला हो!

ती बांगडी अजून आहे माझ्याकडे. गोदामाय गेली, सकीनाबी गेली, ओसरीवर आता सिमेंटचं दुकान आहे. पण बाजाराचा दिवस आला की मी ती डाव्या हातात घालून बघते आणि काढून ठेवते. आपोआप निघाली तर समजायचं, बरं चाललंय.

कालच बघितली. निघाली! नाही असं नाही, निघाली.

पण तेल लागलं. तेव्हा ती बशी, बाई, अजून थोडी तिकडे सरकवा.